सिंधुबंदी अजून उठलेली नाही

हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या तोडण्याचा आग्रह स्वातंत्र्यवीर सावरकरांनी धरला, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही समजूत आज कोणी मानीत नाही. पण समुद्र ओलांडणे वेगळे आणि समुद्र जाणणे वेगळे. विमानात बसून रात्रीतून तो ओलांडणाऱ्या पिढीला त्याच्या तळाशी काय आहे, याची उत्सुकता नसेल, तर बेडी तुटली असे कसे म्हणावे? ती धर्मशास्त्रातून गेली, अभ्यासक्रमात मात्र शिल्लक राहिली.

ऑस्ट्रेलियाच्या ग्लॅडस्टोन बंदरापासून सुमारे ८० किलोमीटरवर हेरॉन नावाचे चिमुकले प्रवाळबेट आहे. तेथे क्वीन्सलँड विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. जवळच्याच वन ट्री बेटावर सिडनी विद्यापीठाचे. या बेटांवर विद्यापीठीय विद्यार्थी लहान मुदतीच्या अभ्यासवर्गांसाठी येतात. काही जण जीवशास्त्र शिकतात, तर काही सागरी भूविज्ञान. ओहोटीचे वेळापत्रक हेच त्यांचे वेळापत्रक. पाणी उतरले की प्रवाळभित्तीच्या सपाटीवरून किनाऱ्यापासून लाटा फुटतात त्या कडेपर्यंत दोरी धरायची, ठरावीक अंतरावर उंचसखलपणा मोजायचा आणि कोठे जिवंत प्रवाळ, कोठे मृत खडक, कोठे वाळू, याची नोंद करायची. वाळू चाळण्यांतून काढून कणांचा आकार पाहायचा. भिंगाखाली धरले की कळते, ही वाळू डोंगरातून नदीने आणलेली नाही. ती प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा आणि सूक्ष्म जीवांची कवचे यांची बनली आहे. ज्या भूमीवर आपण उभे आहोत, ती सजीवांनी बांधली आहे, हे पुस्तकातले वाक्य तेथे तळहातावर येते.

या शिक्षणपद्धतीमागे मोठी परंपरा आहे. कंकणाकृती प्रवाळद्वीपे कशी बनतात, याचे उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ साली ग्रंथरूपाने मांडले. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते, त्याच्या कडेने वाढणारा प्रवाळ प्रकाशाच्या ओढीने वर वर येत राहतो, अखेरीस बेट बुडते आणि कंकण तेवढे उरते, असा हा तर्क. तो खरा की खोटा, हे ठरविण्यासाठी खोल खणणे भाग होते. १८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रशांत महासागरातील फुनाफुटी द्वीपावर वेधन केले. १८९७ च्या मोहिमेचे नेतृत्व सिडनी विद्यापीठाचे प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड यांच्याकडे होते आणि आपल्या तरुण विद्यार्थ्यांना ते सोबत घेऊन गेले होते. सुमारे ३४० मीटर खोल जाऊनही ज्वालामुखीचा खडक लागला नाही. तो लागला १९५२ साली, एनिवेटॉक द्वीपावर, सुमारे १,४०० मीटर खोलीवर. एका तर्काच्या पडताळणीला ११० वर्षे लागली. विज्ञान असे पिढ्यांच्या हातून पुढे जाते, आणि पुढची पिढी घडवायची तर तिला बोटीत बसवावेच लागते.

हे परक्यांचे कौतुक म्हणून सांगितलेले नाही. आपल्या पदरी काय आहे, ते पाहावे. आपला सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी रचला गेला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील एका तप्त स्रोतातून आला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच स्रोताने लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही सागरी पर्वतरांग मागे ठेवली; आज तो रीयुनियन बेटाखाली धगधगतो आहे. म्हणजे रायगडाचा कातळ आणि लक्षद्वीपची पांढरी वाळू यांचे नाते एकाच कुळाचे. कडेकपारी पालथे घालणाऱ्या मराठी तरुणाला या कुळाची अर्धी शाखा ठाऊक नसावी, ही खेदाची गोष्ट आहे.

विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर बुडालेले एक पठार आहे. त्याचे नाव आंग्रे बँक. ते सरखेल कान्होजी आंग्रे यांचे स्मरण देते. त्याच्या माथ्यावर वीस-पंचवीस मीटर पाणी आणि त्यात प्रवाळांचे वैभव. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हे पठार उघड्यावर असले पाहिजे. कोकणच्या किनाऱ्याचा हा इतिहास कोणत्याही बखरीत नाही. तो प्रवाळाच्या थरांत लिहिलेला आहे आणि तो वाचणारे डोळे हवे आहेत.

ही केवळ जिज्ञासेची बाब नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानच्या पश्चिमेकडील प्रवाळभित्ती उचलल्या जाऊन उघड्या पडल्या, तर ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट सुमारे सव्वाचार मीटर खचले. काही प्रवाळ ओहोटीच्या पातळीपर्यंतच वाढतात आणि मग आडवे पसरतात. त्यामुळे जमीन केव्हा उचलली, केव्हा खचली, याची नोंद त्यांच्या वार्षिक वलयांत राहते. सुमात्राच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी अशा प्रवाळांतून शेकडो वर्षांचे भूकंप वाचले आहेत. पुढच्या त्सुनामीचा अंदाज बांधायचा तर हे शास्त्र लागते. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळ खणण्याचा परिणाम असा झाला, की दोन बेटे पाण्याखाली गेली. खऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळाले ते २००१ साली. लक्षद्वीपची भूमी समुद्रापासून मीटर-दोन मीटरच वर आहे. १९९८, २०१६ आणि २०२४ मध्ये तापलेल्या पाण्याने जगभर प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळ मेला की वाळू संपते आणि वाळू संपली की बेट संपते. प्रवाळ जगणे हा तेथील देशबांधवांच्या घरादाराचा प्रश्न आहे.

देशाजवळ साधने नाहीत असे नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. २०२१ मध्ये केंद्राने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेस मंजुरी दिली. उणीव आहे ती पहिल्या पायरीची. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याची सहल बहुधा घाटात जाते, खाणीत जाते, आणि किनाऱ्याशी थांबते. पाणबुडी बांधता येईल, पण तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या खडकाचा अर्थ लावणारा तरुण कारखान्यात तयार होत नाही.

उपाय अवघड नाही. विद्यापीठांनी एकत्र येऊन दहा-बारा दिवसांचा अभ्यासवर्ग आखावा. कच्छच्या आखातातील नरारा येथे ओहोटीला पायी चालत प्रवाळभित्ती पाहता येते. पोहता न येणाऱ्यालाही तेथून आरंभ करता येईल. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शेवटचा टप्पा लक्षद्वीपचा. जिवंत प्रवाळाला हात न लावता, परवानगीने, मूठभर वाळू आणि मोजमापाची वही यांवर पुष्कळ शिकता येते. खर्चाचा भार गरीब विद्यार्थ्यावर पडू नये, यासाठी शिष्यवृत्त्या हव्यात. किनारी गावांतील कोळी आणि गाबीत मुलांना तर प्राधान्य हवे. समुद्राची अर्धी विद्या त्यांच्याकडे आधीच आहे.

प्रश्न उरतो तो पालकांचा. ‘समुद्रात जाऊन काय मिळणार?’ हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर अलीकडेच मिळाले. भारताचा किनारा साडेसात हजार किलोमीटरचा, असे दशकानुदशके पाठ केले जात होते. नव्या, सूक्ष्म मोजणीत तो ११,००० किलोमीटरहून अधिक भरला. किनारा वाढला नव्हता, मोजणारी नजर बारीक झाली होती. आपल्याच घराचे माप इतकी वर्षे आपल्याला नेमके ठाऊक नव्हते. ते जाणून घेण्यासाठी घरातला एखादा मुलगा, एखादी मुलगी वही घेऊन ओहोटीच्या पाण्यात उतरणार असेल, तर त्यांना उंबरठ्यावर अडवू नये. सातांपैकी ही एक बेडी तोडणे तरी आपल्या हातात आहे.