जूमला टु वर्डप्रेस, व्हाया पाण्याचं टाकं

तुमच्या ऑफिसात 'वेबसाइट रिव्हॅम्प' नावाची मीटिंग कधी ना कधी झालीच असणार. नसेल झाली तर होईल, डोन्ट वरी! त्या मीटिंगमध्ये पाऊण तास होमपेजच्या निळ्या रंगावर काथ्याकूट होतो, दहा मिनिटं लोगो डावीकडे की मधोमध यावर. आणि सगळे लॅपटॉप मिटून उठायच्या बेतात असताना कुणीतरी हळूच विचारतं, "आणि जुना कंटेंट?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "तो काय, इम्पोर्ट होईल!"

मंडळी, या 'इम्पोर्ट होईल'वर माझं पोट चालतं. मी वेबसाइटची हमाली करते. एका सीएमएसमधलं सामान दुसऱ्या सीएमएसमध्ये नेऊन लावायचं, हे माझं काम. सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम. कोडिंगचा 'क' न येणाऱ्यालाही लेख टाइप करून, फोटो चिकटवून 'पब्लिश' दाबता यावं म्हणून साइटच्या पोटात बसवलेलं यंत्र. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल ही त्यातली गाजलेली नावं. यात सगळ्यात धाकटं जूमला. २००५ मध्ये ते मॅम्बो नावाच्या सिस्टीमपासून वेगळं झालं आणि त्याचं नाव स्वाहिली भाषेतल्या 'जुमला'वरून पडलं. अर्थ, सगळे मिळून. आपल्या जुन्या हिशेबांतला 'जुमला', म्हणजे एकूण बेरीज, तोही त्याच अरबी घराण्यातला. ऑफिसात हा फंडा मारून बघा, सॉलिड इम्प्रेशन पडतं.

तर, गेल्या वर्षी एका ट्रेकिंग ग्रुपचं काम आलं. साइट २००६ सालची, जूमलावरची. आवृत्त्या बदलत बदलत जूमला ३ वर येऊन थांबलेली. जूमला ३ चा सपोर्ट ऑगस्ट २०२३ मध्ये संपला. सपोर्ट संपला म्हणजे साइट बंद पडत नाही, म्हणूनच लोक निवांत राहतात. फक्त नवं भोक सापडलं की ते बुजवायला कुणी येत नाही. जूमलाचीच नवी आवृत्ती घेता आली असती, आणि मी आधी तेच सुचवलं. सिस्टीम आवडत नाही किंवा शेजारच्या ग्रुपकडे वर्डप्रेस आहे, एवढ्यासाठी साइट हलवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण यांचं कारण पटण्यासारखं होतं. ग्रुपमध्ये आता लिहिणारी सगळी पोरं वर्डप्रेसवर वाढलेली, आणि जूमला फक्त एका काकांना येत होतं. काकांचं वय सत्तर.

माझ्याआधी त्यांनी एका एजन्सीला विचारलं होतं. दोन दिवसांचं काम, असं त्यांना सांगण्यात आलं. एजन्सीने ट्रायलही करून दाखवली. दिसायला एकदम चकाचक! लेख आले, फोटो आले, सगळे खूश. काका तेवढे गप्प.

"अगं, हे बघ," त्यांनी मला लॅपटॉप दाखवला. "हा माळशेजकडच्या गडाचा लेख २००७ चा आहे. इथं तारीख कालची दिसतेय."

इम्पोर्ट ज्या दिवशी झाला, ती तारीख सगळ्या लेखांना लागली होती. कॉर्पोरेट साइटवर हे चालून जातं, फार तर जुना प्रेस रिलीज ताजा दिसेल. पण या लेखात पायथ्याच्या गावाला जाणाऱ्या एसटीची वेळ होती. वरच्या टाक्यातलं पाणी बाराही महिने असतं, असं लिहिलं होतं. आणि आता ते कालच लिहिल्यासारखं दिसत होतं!

पुढचा भाग आणखी डेंजर. जुन्या साइटवर त्या लेखाखाली वाचकांच्या कॉमेंट्स होत्या. त्यात एकाने २०१४ साली लिहिलं होतं, की मार्चमध्ये गेलो, टाकं कोरडं होतं, पाणी खालूनच न्या. जूमलाला त्या काळी स्वतःच्या अशा कॉमेंट्स नव्हत्या. त्या वेगळ्या जोडणीतून यायच्या आणि डेटाबेसमध्ये वेगळ्या टेबलात राहायच्या. इम्पोर्ट करणाऱ्या टूलला ते टेबल माहीतच नव्हतं. त्यामुळे चूक सांगणारा लेख नव्या घरी आला आणि ती दुरुस्त करणारी कॉमेंट जुन्या घरीच राहिली. एप्रिलच्या उन्हात एक लिटरची बाटली घेऊन कुणी ती दीडेक तासाची चढण चढलं असतं, म्हणजे?

म्हणून मी आता कामाची सुरुवात लेखांपासून करतच नाही. आधी लेखाला काय काय चिकटलेलं आहे, त्याची यादी काढते. तारीख, लेखकाचं नाव, कॉमेंट्स, फोटोखालची ओळ, आणि पत्ता. पत्ता म्हणजे लिंक. जूमलाच्या जुन्या लिंक्स प्रश्नचिन्ह, आयडी आणि आकड्यांनी भरलेल्या असतात, दिसायला भयंकर. पण लोकांनी त्या मेलमध्ये, दुसऱ्यांच्या साइटवर, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर देऊन ठेवलेल्या असतात. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नेमक्या नव्या पानावर पाठवणारी पाटी लावावी लागते. तिला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात, म्हणजे 'कायमचे स्थलांतर'. आळशी लोक सगळ्या जुन्या लिंक्स सरसकट होमपेजवर वळवतात. वाचक वैतागतो, आणि गुगलही अशा पानांना हरवलेलीच समजतं. या पाट्या निदान वर्षभर ठेवा, असा गुगलचा सल्ला आहे. मी म्हणते, काढताच कशाला? खायला मागतात का?

मोठमोठ्यांनाही हे पत्त्याचं प्रकरण चुकत नाही. व्हाइट हाउसची साइट २००९ मध्ये ड्रुपलवर गेली आणि २०१७ मध्ये वर्डप्रेसवर. पण तिथे सिस्टीमपेक्षा सरकार बदललं की जास्त उलथापालथ होते. जानेवारी २०१७ मध्ये ओबामांच्या काळातली सगळी पानं तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेगळ्या पत्त्यावर हलवली गेली. पानं शाबूत, पण आधी दिलेल्या लिंक्सवरून ती सापडेनात!

आता आपल्या मराठीचा खास झोल. युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. डेटाबेस हलवताना कुणी चुकीचं सेटिंग लावलं, तर त्या तीन बाइटची तीन वेगळी अक्षरं होतात आणि स्क्रीनभर टोपी घातलेले 'ए' नाचायला लागतात. क्लायंट ते बघून हादरतो. मी मात्र हसते, कारण टोपीवाली अक्षरं बहुतेक वेळा परत सरळ करता येतात. नुसती प्रश्नचिन्हं दिसली की मात्र पोटात गोळा येतो. ती तशीच सेव्ह झाली असतील तर मूळ अक्षर गेलंच. मग जुना बॅकअप शोधा.

काकांच्या साइटवर तिसराच प्रकार निघाला. सुरुवातीचे लेख युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आणि नंतर कुणीतरी कन्व्हर्ट केलेले. त्या फॉन्टमध्ये रफार जसा दिसतो तसा, म्हणजे अक्षरानंतर साठवला जायचा. युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधी येतो. त्यामुळे अख्ख्या साइटवर 'दुर्ग'चं 'दुगर्' झालेलं! दुर्गप्रेमींच्या साइटवर! आणि 'दुर्ग' टाइप करून शोधणाऱ्याला त्यातला एकही लेख सापडत नव्हता. ते सुधारायला दोन पोरं तीन शनिवार बसली, कारण सरसकट 'फाइंड अँड रिप्लेस' मारलं तर चांगले शब्दही बिघडतात.

वर्डप्रेसचीही एक खोड सांगून ठेवते. मराठी शीर्षक दिलं की ते लिंकसुद्धा मराठीत बनवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की तिची टक्के आणि आकड्यांची मालगाडी होते. शिवाय लिंकच्या त्या भागाला २०० कॅरेक्टर्सची मर्यादा, आणि या मालगाडीत आपलं एक अक्षरचिन्ह नऊ जागा खातं. म्हणजे बावीस चिन्हांनंतर शीर्षक कटाप. आम्ही सगळ्या लिंक्स रोमन लिपीत, छोट्या करून घेतल्या. काकांना ते बिलकूल आवडलं नाही. मलाही फारसं आवडलं नाही, पण इलाज नव्हता.

कॉमेंट्सचं टेबल आम्ही हाताने जोडलं. सगळे लेख आपापल्या खऱ्या तारखांना गेले. टाक्याची ती कॉमेंट आता लेखात सगळ्यात वर, चौकटीत आहे, २०१४ सालासकट. पण तीही जुनीच की! म्हणून येत्या एप्रिलमध्ये काका स्वतः वर जाऊन टाकं बघून येणार आहेत.

"काका, दोन लिटर तरी पाणी न्या," मी म्हटलं.

"चार नेतोय," काका म्हणाले. "मी ती कॉमेंट वाचलीय."