हौसेसाठी कर्ज काढावे काय?

या आठवड्याच्या टपालात कुर्ल्याच्या एका बंधूंचे पत्र आले आहे. वय २८, खासगी कंपनीत कंत्राटी नोकरी, हातात पगार २८,००० रुपये. घरी आई-वडील आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली धाकटी बहीण. वडिलांनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पद्मिनी गाडीचे दरवाजे बसविण्यात उमेद घालवली आणि रोज संध्याकाळी ते पायी घरी आले. आता ओळखीच्या मेकॅनिककडे १९८० सालची एक खासगी पद्मिनी विकायला आहे. किंमत दोन लाख. बंधू लिहितात, "ताई, गाडी कामासाठी नको, निव्वळ हौस आहे. रविवारी बाबांना शेजारी बसवून फिरवायचे. कर्ज काढू का? बहीण म्हणते, दादाला वेड लागलंय."

भाऊ, सप्रेम जयभीम. हौस करू नका असे मी सांगणार नाही. गरिबाने हौस केली की सगळ्या गावाला उपदेश सुचतो, श्रीमंताने केली की तिला छंद म्हणतात. तथागतांनीही गृहस्थाला सुख नाकारलेले नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने मिळविलेले धन जवळ असणे हे पहिले, त्याचा उपभोग घेणे हे दुसरे आणि निष्कलंक आचरणाचे चौथे. तिसरे आहे अनणसुख, म्हणजे कुणाचे थोडे की फार देणे नसल्याचे सुख. उपभोग आणि कर्जमुक्ती एकाच माळेत आहेत, म्हणून एकासाठी दुसरे मोडावे काय, एवढाच तुमचा प्रश्न उरतो.

तुमच्या हौसेत मानही मिसळलेला आहे, हे पत्रातून कळते. आपल्या माणसांचा आणि वाहनाचा इतिहास साधा नाही. १९०१ साली लहानगे भीमराव आणि त्यांच्या घरातली मुले मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांची गाडी हाकायला तयार झाला नाही. मुलांनी गाडी हाकली आणि तो बाजूने चालत गेला. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाले बाबासाहेबांना न्यायला तयार होईनात. साहेबांनी पायी येऊ नये म्हणून वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला हाकता येत नव्हते अशा आपल्याच माणसाला पुढे बसवले. पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. आपला मान राखण्यासाठी या लोकांनी आपला जीव धोक्यात घातला, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या माणसांचे प्रेम खोटे नव्हते. तुमचेही नाही.

आता हिशेब. इतक्या जुन्या गाडीवर बँक सहसा वाहनकर्ज देत नाही, म्हणजे वैयक्तिक कर्ज आले आणि व्याज चढे आले. १६ टक्के दर आणि ३ वर्षांची मुदत धरली तर दोन लाखांचा हप्ता सुमारे ७,०३१ रुपये होतो. एकूण फेड २,५३,००० च्या वर. व्याजापोटीच ५३,००० गेले. पगाराचा चौथा हिस्सा ३६ महिने बांधला गेला, आणि नोकरी कंत्राटी! कंत्राट ३६ महिन्यांचे आहे काय? पत्रात तसे काही दिसत नाही.

शिवाय गाडी घेतली म्हणजे खर्च संपला असे नव्हे. विमा, पीयूसी, पर्यावरण कर आहेत. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तेव्हा आरसी बुक चालू आहे काय आणि मालकाचे नाव तेच आहे काय, हे आधी पाहा. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन तपे उलटली, सुटे भाग शोधत फिरावे लागते. पत्रा गंजतो, कार्ब्युरेटर रुसतो. तुमच्या इमारतीत गाडी उभी करायला जागा आहे काय? रस्त्यावर ठेवलेली जुनी गाडी एका पावसाळ्यात किती म्हातारी होते, ते वडिलांना विचारा.

मेकॅनिक म्हणतो, हिची किंमत वाढतच जाणार. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला, त्यानंतर या गाडीविषयी हळवेपणा वाढला हे खरे. पण हौशी गिऱ्हाईक त्याच्या सवडीने येते आणि आपण विकतो ते अडचणीत, बहिणीची फी भरायच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा मिळेल तीच किंमत.

पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे की पतपेढीतून घेतल्यास एक मित्र जामीन राहील. हे मला सर्वांत खटकले. तुमचा हप्ता थकला तर त्याच्या पगारातून कापला जाईल. त्याच्या घरी हे माहीत आहे काय? इस्पितळासाठी किंवा शिक्षणासाठी जामीन मागावा, तिथे माणूस माणसाला उभा राहतो. रविवारच्या फेरफटक्यासाठी मागू नये.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. कर्ज काढू नका. पण गाडीचा विचार सोडा असेही म्हणत नाही. सात हजारांचा हप्ता झेपेल अशी खात्री असेल, तर येत्या महिन्यापासून तो आवर्ती ठेवीत स्वतःच्या नावे भरा. बहिणीची फी मात्र त्याआधी बाजूला काढा. सहा महिन्यांत दोनदा चुकला, तर कर्जाचा हप्ताही चुकलाच असता. न चुकता भरलात, तर तीन वर्षांनी अडीच लाखांच्या वर रक्कम आणि वर व्याज तुमच्या हातात. तोवर ही गाडी गेली तर दुसरी मिळेल.

वडिलांचे वय मात्र थांबत नाही, हे तुमचे म्हणणे मला पटते. त्यासाठी दोन लाख लागत नाहीत. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या एखाद्या हौशी माणसाला गाठा, पेट्रोलचे पैसे द्या आणि एक रविवार मागून घ्या. पुढे स्वतःची गाडी पाहायला जाल तेव्हा वडिलांना बरोबर न्या. कुठला दरवाजा मूळचा, कुठला बदललेला आणि रंगाखाली गंज कुठे दडवला आहे, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार?