काच पुरली, पुसणार कोण?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी भारतनेट योजनेचा सुधारित आराखडा मंजूर केला आणि त्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपये खर्च करण्याचे ठरविले. या आकड्याने डोळे दिपावेत हे स्वाभाविक आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ज्या ठिकाणी थांबावयास हवे ते ठिकाण वेगळे आहे. जो ठेकेदार जाळे उभारील त्यानेच ते पुढे दहा वर्षे चालवावे व सांभाळावे, अशी एक अट त्या आराखड्यात आहे. योजनेला प्रारंभ होऊन तेव्हा जवळजवळ एक तप लोटले होते. जमिनीत पुरलेल्या वस्तूलाही निगा लागते, हे सरकारी कागदावर इतक्या ठळकपणे उमटावयास एवढा काळ जावा लागला.

ऑक्टोबर २०११ मध्ये ‘राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळे’ म्हणून ही योजना मंजूर झाली, तेव्हा देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचा संकल्प होता. पैसा यावयाचा होता सार्वत्रिक सेवा दायित्व निधीतून, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारातून. आणि तो आकार शेवटी टेलिफोन वापरणाऱ्याच्याच खिशातून जातो, हे सांगणे नलगे. डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे काम झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ या नावाने स्वतःची यंत्रणा उभी केली. या साऱ्या वाटचालीत प्रगतीची मापे मुख्यतः दोनच राहिली. किती किलोमीटर केबल टाकली, हे एक. आणि किती ग्रामपंचायती ‘सेवासज्ज’ झाल्या, हे दुसरे. सेवासज्ज हा शब्द मोठा हुशार आहे. पेटी भिंतीवर बसली आणि तिच्यातला हिरवा दिवा एकदा लागला, की ग्रामपंचायत सेवासज्ज ठरते. तो दिवा पुढच्या पोळ्यापर्यंत जळतो की नाही, याची जबाबदारी त्या शब्दावर नाही.

दिवा का विझतो, हे समजून घेण्यासाठी यंत्राकडे थोडे जवळून पाहावे लागेल. प्रकाशतंतूचा जो गाभा प्रकाश वाहून नेतो, त्याचा व्यास सुमारे नऊ मायक्रॉन असतो. माणसाचा केस त्याच्या सात-आठ पट जाड. हा तंतू राउटरमध्ये जेथे येऊन मिळतो तेथे बोटाएवढा ट्रान्सीव्हर बसविलेला असतो. विद्युतसंकेताचा प्रकाश करणे आणि आलेल्या प्रकाशाचा पुन्हा विद्युतसंकेत करणे, हे त्याचे काम. उत्तम काचेतून किलोमीटरभर जाताना प्रकाश फारच थोडा हरपतो. परंतु जोडाच्या टोकावर धुळीचा एक कण बसला, तर कित्येक किलोमीटर काचेत हरपत नाही एवढा प्रकाश त्या एका जागी हरपू शकतो. तीन डेसिबलची घट म्हणजे निम्मा प्रकाश गेला.

कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावी याचा अर्थ काय होतो, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारी कापसाची तुसे आमच्या पुस्तकांच्या कपाटांनाही सोडीत नाहीत. यावर जे उपाय आहेत ते घरगुती वाटावेत इतके साधे आहेत. तंतूचे टोक आणि ट्रान्सीव्हरचे तोंड जोडलेले नसेल तेव्हा त्यावर टोपण असावे, आणि ते टोपणही स्वच्छ असावे. टोक जोडण्यापूर्वी दर वेळी लहानशा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, आणि मळलेले दिसल्यास तुसे न सोडणाऱ्या खास कागदाने, गरज पडल्यास शुद्ध अल्कोहोल वापरून, पुसावे. शर्टाच्या बाहीने पुसू नये, तोंडाने फुंकू नये. फुंकरीतली वाफ काचेवर बसते. मळलेले टोक स्वच्छ टोकाला भिडविले, तर दोन्ही टोके खराब होतात. केबलला तीव्र वळण देऊ नये. ट्रान्सीव्हर हाताळताना अंगावरील स्थिर विद्युत आधी जमिनीत उतरवावी. आणि चालू तंतूच्या टोकात कधीही डोकावून पाहू नये, कारण त्यातला प्रकाश अवरक्त असतो. तो दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. एवढे ज्ञान दहावी झालेल्या मुलाला आठवड्यात देता येईल. ते देण्याची तजवीज गावोगाव नाही, आणि खरी अडचण येथेच आहे.

सुधारित आराखड्यात गट आणि ग्रामपंचायत या दोन्ही पातळ्यांवर राउटर बसावयाचे आहेत, आणि एका बाजूची तार तुटली तर दुसऱ्या बाजूने वाहतूक वळावी म्हणून त्यांची वर्तुळाकार जोडणी व्हावयाची आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण जेवढे राउटर तेवढे ट्रान्सीव्हर, आणि जेवढे ट्रान्सीव्हर तेवढी पुसावयाची टोके, हाही हिशेब तिच्यासोबत येतो. शिवाय खोदकामाचा उपद्रव आहेच. बेबंद खोदाईमुळे जमिनीखालील तारा-नळांचे देशात दरसाल सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच सांगितले आणि २२ मार्च २०२३ रोजी खोदण्यापूर्वी सूचना देण्याचे एक ॲप सुरू केले. नळयोजनेचा चर खणणाराही सरकारी ठेकेदार आणि तुटणारी केबलही सरकारी. ॲप चांगले असले तरी जेसीबीच्या चालकापर्यंत ते पोचावयास हवे.

मालकी एकाची, चालविणे दुसऱ्याचे आणि गरज तिसऱ्याची, अशा मालमत्तेचे काय होते, याचा धडा कारंजेकरांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला जाणारी आपली शकुंतला हा तो धडा. कापूस वाहण्यासाठी टाकलेले हे अरुंद रूळ स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश काळात स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचे राहिले. गाडी मात्र मध्य रेल्वे चालवी. दुसऱ्याच्या रुळांवर कोणी किती खर्च करावा, या प्रश्नाला अशा व्यवस्थेत समाधानकारक उत्तर असूच शकत नाही. गाडीचा वेग उतरत गेला आणि शेवटी गाडीच थांबली. भारतनेटमध्येही तंतू एका सरकारी कंपनीचे, टाकणारी दुसरी, काही जिल्ह्यांत राज्याची तिसरी, आणि पेटी ज्या खोलीत आहे तिची किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे, अशी रचना झाली होती. जुलै २०२२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क ही कंपनी भारत संचार निगममध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. गुंता थोडा सुटला. किल्ली आहे तेथेच आहे.

देखभालीकडे होणारी ही डोळेझाक केवळ आळसातून आलेली नाही. तिची मुळे आपल्या अंदाजपत्रकाच्या घडणीत आहेत. कित्येक दशके सरकारी खर्चाचे ‘योजनांतर्गत’ आणि ‘योजनेतर’ असे दोन भाग होते. नवी इमारत, नवा कालवा, नवी तार म्हणजे योजना, अर्थात विकास. उभी राहिलेली वस्तू टिकविणे बहुतांशी योजनेतर, म्हणजे काटकसरीची कात्री जेथे प्रथम चालावयाची ते कलम. रंगराजन समितीने २०११ मध्ये हा भेद मोडण्याची शिफारस केली आणि २०१७-१८ च्या अंदाजपत्रकापासून तो गेला. सवय मात्र गेलेली नाही. घसाऱ्याची तरतूद न करता नफा दाखविणाऱ्या दुकानदाराला आपण अडाणी म्हणू. सरकार तेच करते तेव्हा त्याला उद्घाटन म्हणतात.

यावर असा एक आक्षेप येतो, की मोबाइलचे मनोरे आता खेड्यांतही उभे राहिले, मग या पुरलेल्या काचेची एवढी उठाठेव कशाला? उत्तर असे, की मनोऱ्याची हाक शेवटी प्रकाशतंतूवरूनच दूरवर जाते. जेथे तंतू नाही तेथे मनोराही अडखळतो. दुसरे असे, की शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी, उत्पन्नाचा दाखला काढणारा शेतकरी आणि त्या दोघांना ‘लिंक नाही’ असे सांगून उद्या बोलावणारा सेवा केंद्राचा चालक, यांना तार कोणाची याच्याशी कर्तव्य नसते. हुकलेली मजुरी आणि एस.टी.चे भाडे मात्र त्यांचेच जाते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

दहा वर्षांच्या देखभालीची अट म्हणूनच महत्त्वाची. पण ती पाळली जाते की नाही हे मोजणार कोण? ठेकेदाराचाच संगणक सेवेचे तास मोजणार असेल, तर त्याच्या आकड्याला गावाची साक्ष हवी. वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत मोडतो. प्रयोग करावयाचा तर तो येथे का होऊ नये? तालुक्याच्या ठिकाणी राखीव ट्रान्सीव्हर, तपासणीचा सूक्ष्मदर्शक आणि पुसण्याचे साहित्य नोंदवहीसह ठेवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या दोन-चार मुलांना ते काम वेतनावर द्यावे. आणि गेल्या तिमाहीत जोडणी किती तास बंद होती, कोणत्या कारणाने, ती कोणी व किती दिवसांनी दुरुस्त केली, एवढ्या नोंदी प्रत्येक ग्रामसभेपुढे वाचून दाखवाव्यात. ठेकेदाराचे पुढचे बिल त्या वाचनानंतर निघावे.