दानाचा पैसा आणि बांधकामाचा करार

लोकांच्या दानातून शाळेची वास्तू उभी राहते, तेव्हा ठेकेदाराची निवड हा केवळ व्यवस्थापनाचा विषय राहत नाही. कुणी धान विकून, कुणी पगारातून बाजूला काढून दिलेला तो पैसा असतो. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात उघड झालेल्या स्तूपाच्या कठड्यावर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. दानाची नोंद ठेवण्याची रीत या जिल्ह्याला दोन हजार वर्षांची आहे. खर्चाची नोंदही तेवढीच चोख असावी, असे आम्हांस वाटते.

वसतिगृहाच्या बांधकामाबाबत दोन मते नेहमी ऐकू येतात. काम ओळखीच्या माणसाला द्यावे, हे एक. सर्वांत कमी ठोक रक्कम सांगणाऱ्याला द्यावे, हे दुसरे. दोन्हींमागील हेतू चांगलाच असतो. परंतु ओळखीत हिशेब मागण्याचा संकोच होतो आणि ठोक करारात नकाशा अपुरा असला, की प्रत्येक बदल ‘जादा काम’ ठरतो. धानाच्या बांधीत पाया किती खोल न्यावा लागेल, हे खोदल्यावाचून नेमके कळत नाही. म्हणून बाबवार दराचा करार आम्हांस योग्य वाटतो. खोदकाम, काँक्रीट, सळई, विटकाम यांचे दर आधी ठरावेत. मोजलेल्या कामाचेच देयक निघावे. यात एकूण खर्च आधी निश्चित होत नाही, हे खरे. त्यासाठी काही रक्कम राखून ठेवावी. मोजमाप घेणारा अभियंता मात्र ठेकेदाराचा नसावा, त्याचे मानधन संस्थेने द्यावे.

पवनी तालुक्यातीलच गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. ३७२ कोटींचा मूळ अंदाज पुढे १८ हजार कोटींपलीकडे गेला. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन अशी त्याची अनेक कारणे आहेत. पण कालव्यांच्या कामाच्या दर्जाचीही चौकशी करावी लागली. धरणाची आणि वसतिगृहाची बरोबरी नाही. तरीही दर्जाची तपासणी देयकाआधी व्हावी, नंतर नव्हे, हा धडा दोन्हींना लागू आहे.

म्हणून निविदा मोहोरबंद घ्याव्यात. ठेकेदाराने पूर्वी बांधलेल्या इमारती ऐन पावसाळ्यात जाऊन पाहाव्यात. प्रत्येक देयकातून पाच टक्के रक्कम राखून ती दोन पावसाळ्यांनंतरच परत करावी. छत गळते की नाही, हे पाऊसच सांगतो. आणि मोजमाप वही पालकांना केव्हाही पाहता यावी. प्रामाणिक ठेकेदाराला यात अडचण वाटण्याचे कारण नाही. उलट त्याचे देयक वेळेवर निघण्याची हमी हीच वही देते.