मोकळ्या आज्ञावलीची भीति

वृत्तपत्रांत धमकीची बातमी ठळक टायपांत येते. कांहीं वर्षांनीं तिचा निकाल लागतो, तेव्हां मात्र चाळिशी लावून आंतलें पान शोधावें लागतें. संगणकाच्या ‘ओपन सोर्स’ आज्ञावलीचें, म्हणजे जिचा मूळ पाठ सर्वांस पाहण्यास, वापरण्यास व सुधारण्यास मोकळा असतो तिचें, असेंच झालें आहे.

सन २००३ च्या मार्चांत अमेरिकेंतील ‘एस. सी. ओ.’ कंपनीनें ‘आय. बी. एम.’वर दावा लाविला. आपल्या ‘युनिक्स’ आज्ञावलीचें गुपित प्रतिवादीनें ‘लिनक्स’ ह्या मोकळ्या आज्ञावलीस पुरविलें, असें तिचें म्हणणें. मागणी १०० कोटी डॉलरांची. पाठोपाठ सुमारें १,५०० बड्या कंपन्यांस तिनें इशाऱ्याचीं पत्रें धाडलीं. लिनक्स वापरील त्याच्या दारीं आतां बेलिफ येणार, असाच बातम्यांचा सूर! पुढें २०१० मध्यें ज्यूरीनें ठरविलें कीं, युनिक्सचे स्वामित्वहक्क मुळीं वादीचे नव्हतेच. ते ‘नॉव्हेल’ कंपनीचे होते. वादीनें २००७ सालींच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. उरलेला दावा २०२१ मध्यें सुमारें १ कोटी ४२ लक्ष डॉलरांवर मिटला.

धोका मुळींच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. ‘जी. पी. एल.’ ह्या प्रसिद्ध परवान्याची अट अशी कीं, ती आज्ञावली जशीच्या तशी वा सुधारून दुसऱ्यास दिली, तर तिचा मूळ पाठहि द्यावा. ही अट न पाळणाऱ्या कंपनीविरुद्धचा मनाईहुकूम म्युनिकच्या न्यायालयानें २००४ मध्यें कायम केला. परंतु दुकानांत स्वतःचा हिशेब ठेवण्यापुरती ती वापरणारास ही अट लागतच नाहीं. एवढा भेद बातमीदार सांगत नाहींत, आणि घोटाळा होतो.

आमच्या देवपुरांतलीच गोष्ट. एका एकत्र कुटुंबाच्या दुकानांत पुतण्यानें हिशेबासाठीं मोकळी आज्ञावली बसविली होती. असलीच कांहीं बातमी वाचून थोरल्या काकांनीं ती काढावयास लाविली. आणि खर्च नको म्हणून तिच्या जागीं आली एका विकाऊ आज्ञावलीची चोरटी प्रत! १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचें ६३-ब कलम पाहावें. अशी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणारास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लक्ष रुपयांपर्यंत दंड आहे. लाभाचा हेतु नसेल तर न्यायालय कैद माफ करूं शकतें. व्यापारास ती सवलत नाहीं. काकांना आम्हीं हें कलम दाखविलें, तेव्हां ते म्हणाले, “मास्तर, हें छापून कां येत नाहीं?” पुतण्या मात्र जुनी आज्ञावली पुन्हां बसवावयास केव्हांच उठला होता.