घरावर टाकलेला खर्च

मार्च २०२० मध्ये राज्यातील महाविद्यालये बंद झाली, तेव्हा ती महिना-पंधरवड्यात उघडतील असाच सर्वांचा समज होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये निम्म्या उपस्थितीने वर्ग सुरू होतात न होतात, तोच यवतमाळ-अमरावती भागात साथ पुन्हा उसळली आणि दारे लागली. राज्यभर ती उघडण्यास २० ऑक्टोबर २०२१ उजाडला. या काळात विद्यार्थ्यांनी 'दूरशिक्षण' घेतले, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो तपासून पाहावयास हवा.

दूरशिक्षण महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते याच कार्यासाठी. स्वयंअध्ययनासाठी मुद्दाम लिहिलेली पुस्तके, अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे ही त्या पद्धतीची अंगे होत. २०२० मध्ये यांपैकी काहीच सिद्ध नव्हते. वर्गातील व्याख्यान उचलून मोबाइलच्या पडद्यावर ठेवले गेले, इतकेच. यात प्राध्यापकांचा दोष नाही. त्यांनाही ही नवी विद्या रातोरात शिकावी लागली.

खरा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. महाविद्यालय म्हणजे केवळ व्याख्यान नव्हे. बाक, वीज, ग्रंथालय, वसतिगृहातील खोली, अभ्यासाला लाभणारा निवांतपणा ही सारी सामाईक भांडवली सामग्री आहे. शेकडो विद्यार्थ्यांत वाटली गेल्यामुळेच ती गरिबाला परवडते. महाविद्यालय बंद होताच हा खर्च नाहीसा झाला नाही. तो संस्थेच्या खात्यातून कुटुंबाच्या खात्यावर पडला. हँडसेट, रिचार्ज, वीज, एकांत, सारे ज्याचे त्याने पाहावे! २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याच्या सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्येपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. हा भार कोणाच्या माथी बसला, हे वेगळे सांगावयास नको.

झरी-जामणी वा मारेगावकडील कोलाम पोडावरचा, पुसद-दिग्रसकडील तांड्यावरचा मुलगा वसतिगृह बंद होताच घरी परतला. घरी परतलेला विद्यार्थी कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात आधी मजूर असतो, मग विद्यार्थी. पेरणी, डवरणी, निंदण आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी हे वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. मुलींच्या वाट्याला याखेरीज चूल आणि धाकटी भावंडेही आली. घरात एकच फोन असेल, तर तो आधी कोणाच्या हाती जातो, हेही सर्वांना ठाऊक आहे.

या पद्धतीने काहींचे भले झाले, हेही मान्य केले पाहिजे. नोकरी करणाऱ्याला रात्री व्याख्यान ऐकता आले. दूरच्या विद्वानांची भाषणे तालुक्याच्या गावी पोहोचली. परंतु अपवादात्मक सोय ही सार्वत्रिक व्यवस्था ठरत नाही.

परीक्षांबाबत वर्षभर वाद झाला. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि राज्यातील विद्यापीठांनी मुख्यतः बहुपर्यायी प्रश्न विचारून परीक्षा उरकल्या. परीक्षा झाली की नाही, यावर जितकी चर्चा झाली, तितकी शिक्षण झाले की नाही यावर झाली नाही. पदवी हाती पडली; पण सलग चार पाने विचारपूर्वक लिहिण्याचा सराव तुटला, त्याची नोंद कोणत्या गुणपत्रिकेत आहे?

साथ ओसरली म्हणून हा विषय मिटत नाही. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना होती. कल्पना वाईट नाही. मात्र तिची किंमत कोणी द्यावयाची, हे आधी ठरले पाहिजे. प्रत्येक तालुक्याला रात्रीपर्यंत उघडी राहणारी, इंटरनेट असलेली अभ्यासिका, मराठीतील छापील अध्ययन-साहित्य आणि संकटातही पूर्णतः बंद न होणारी वसतिगृहे, इतकी तरतूद शासन व विद्यापीठे यांनी मिळून करावी. ती न करता वर्ग पडद्यावर नेणे ही शिक्षणातील सुधारणा नव्हे. ती शासकीय खर्चातील काटकसर होय, आणि तिचे बिल ज्याला सर्वांत कमी परवडते, त्याच्याच हाती दिले जाईल.