थे प्यादं काऊन नाई खाल्लं?

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्या सोमवारनंतर आमच्या शेंदूरजनाघाटच्या पोरींना तोच डाव पाहायचा होता. आम्ही ऑफिसात रजिस्टर भरणारे, बुद्धिबळातले पंडित नव्हे. तरी चाली मिळवल्या आणि पट मांडला. आमच्या पटात एक हत्ती हरवलेला आहे. त्याच्या जागी बाटलीचे झाकण.

नेहमीचे दोन डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही. दुसऱ्या जलद डावात पांढरी मोहरी हम्पीकडे होती. तिने कॅटलान मांडले. वजिरापुढचे आणि त्याच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन-दोन घरे पुढे. मग राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एकच घर, आणि मोकळ्या जागेत उंट. तिथून तो तिरक्या रेषेत सगळ्या पटावर नजर ठेवतो. १९२९ च्या बार्सिलोना स्पर्धेत टार्टाकोव्हर हे खेळला, म्हणून त्या प्रांताचे नाव.

यात पांढऱ्याचे एक प्यादे उघडे दिसते. आठवीतल्या पोरीने विचारले, "काका, फुकट हाय, मंग थे प्यादं काऊन नाई खाल्लं?" खाल्ले की पटाचा मध्य सुटतो अन् त्या उंटाची वाट मोकळी होते. दिव्याने क्लोज्ड पद्धत घेतली, मध्य बांधून धरला. चाळिसाव्या चालीला हम्पीने आणखी एक प्यादे देऊन जोर लावला, पण घड्याळ तिच्या विरुद्ध होते. निकाल अडीच विरुद्ध दीड. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही नव्हता! या विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

आमच्याकडे म्हातारी माणसे अजून देशी डाव खेळतात. प्यादे एकच घर, राजाला एकदा घोड्याची उडी. एका शालेय स्पर्धेत आमच्या पोराने तीच उडी मारली, पंचाने चाल रद्द केली. पोरगा रडला, चूक आमची, नियम आम्हीच सांगितले नव्हते.

आता पोरींना नियम पाठ आहेत. अडचण निराळी. आंबिया बहाराची तोडणी लागली की त्या पटावरून उठून बगिच्यात जातात. मजुरी बुडते हे आम्हाला कळते, म्हणून सगळे रविवार मागत नाही. पालकहो, स्पर्धेचा एक दिवस तेवढा द्या. जाण्यायेण्याचे भाडे आम्ही वर्गणीतून करू.